आईचा कोर्स आणि बाबांचं कार्ड

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो! चार पोरं एका हॉलमध्ये अभ्यासाला बसवा आणि दार नुसतं लोटून घ्या. महिन्याभरात इतकं साचतं की घरी भाजी फोडणीला टाकताना आपण एकटेच हसत सुटतो. आमचे हे विचारतात, "आज कोणी काय केलं?" मी म्हणते, "आधी जेवायला बसा, मग सांगते."

शहापूरला विहाराच्या वरच्या मजल्यावर आमची अभ्यासिका आहे. दिवसा मी शाळेत विज्ञान शिकवते, संध्याकाळी इथे बसते. पोलीस भरती, नर्सिंग, तलाठी, जी जाहिरात निघेल तिचा फॉर्म भरणारी पोरं येतात. मी चिडकी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे जिन्यात माझी चप्पल दिसली की पोरांचे आवाज आपोआप खाली येतात.

मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोनमधलं कार्डांचं ॲप दाखवलं. साधंच आहे. कार्डावर प्रश्न दिसतो, मनात उत्तर द्यायचं, कार्ड उलटवून बघायचं. खाली दोन बटणं. 'आलं' दाबलं की ते कार्ड लांब जातं, आठवड्याने येतं, मग महिन्याने. 'नाही आलं' दाबलं की पाच मिनिटांत पुन्हा समोर हजर, येईपर्यंत पिच्छा सोडत नाही. अशा कार्डांचा गठ्ठा म्हणजे एक कोर्स. मी हौसेने कोर्स बनवले, 'मानवी शरीर', 'महाराष्ट्राचा भूगोल', 'इंग्रजी शब्द'. पोरांनी त्यांचं काय केलं ते आता ऐका!

तिघांचंच सांगते. खर्डीच्या पुढच्या पाड्यावरचा रोहित, आटगावची प्रणाली आणि किन्हवलीकडची मयुरी. मयुरीचं आधी सांगून ठेवते, कारण तेव्हा आम्हा सगळ्यांचा जीव तिच्याकडेच लागलेला होता. दिवाळीनंतर तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय हळूहळू चालू झाले, पण वाचा गेली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असणारी बाई एकदम गप्प झाली. डॉक्टर म्हणाले, "शब्द आत आहेत. रोज वस्तू दाखवा, रोज विचारा, येतील." पण सगळे येतील का, हे काही छातीठोक सांगेनात. मयुरी नर्सिंगचं पुस्तक उघडून बसायची आणि तासभर तेच पान समोर असायचं.

*

तर पहिला रोहित. पोलीस भरतीचा उमेदवार. पळायला सांगा, हरणाला मागे टाकेल. बसायला सांगितलं की कंबर दुखते!

मी 'मानवी शरीर'चा कोर्स दिला, आणि दुसऱ्याच दिवशी हा छाती काढून समोर उभा. "मॅडम, कोर्स संपला!"

"संपला? एका दिवसात?"

"एका दिवसात कुठे, पाड्यावरून खर्डीला येईपर्यंत जीपमध्येच संपला."

मला संशय आला. विचारलं, "सांग, हृदयाला कप्पे किती?"

रोहित जराही गडबडला नाही. म्हणाला, "मॅडम, ते कार्ड आता पुढच्या आठवड्यात येणार आहे."

सगळ्या कार्डांवर 'आलं' दाबत सुटला होता पठ्ठ्या! वर मलाच म्हणतो, ॲपचा माझ्यावर विश्वास आहे, तुमचाच नाही. मी त्याला बाहेर काढलं, पण जिन्यात जाऊन मीही हसून घेतलं.

*

या ॲपमध्ये अजून एक भानगड आहे. रोज एकदा तरी कार्डं केली की एक साखळी चालू राहते. एक दिवस चुकला की तुटली. पोरांना पेपराची नसते एवढी त्या साखळीची काळजी असते!

रोहितच्या पाड्यावर नेटवर्कचा पत्ता नसतो. एकदा घरात पूजा होती, याला बाहेर पडता येईना. साखळी तर तुटायला आलेली. त्याचे मामा खर्डीच्या बाजाराला निघाले होते. याने फोन त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, "मामा, स्टेशनपाशी रेंज आली की एवढी कार्डं करून टाका. खाली दोन बटणं आहेत."

मामांनी बाजार केला, चहा घेतला, स्टेशनच्या बाकावर बसून एकेक कार्ड मन लावून वाचलं आणि काम पूर्ण करून आले. साखळी शाबूत! रोहित खूश.

दुसऱ्या दिवशी फोन उघडतो तर सगळा कोर्स अंगावर. लघवीच्या मार्गापासून मेंदूपर्यंत एकही कार्ड सुटलेलं नाही, दर पाच मिनिटांनी हजर. "मामा, काय केलंत तुमी?"

मामा शांतपणे म्हणाले, "अरे, मला त्यातला एक पण खराच येत नव्हता. खोटा कशाला दाबू?"

मामांच्या कृपेने रोहितने आयुष्यात पहिल्यांदा अख्खा कोर्स वाचला. पुढच्या चाचणीत त्याला बरे मार्क पडले, तेव्हा मी म्हटलं, मामांना पेढे दे.

*

प्रणालीचं लग्न मुरबाडला ठरलं. सासरचं खटलं मोठं. चुलत, मावस, आते, त्यांच्या सुना, त्यांची पोरं! बघायला आले तेव्हाच दोन गाड्या भरून आले होते. प्रणालीला नावं लक्षात राहत नाहीत. ती घाबरली, साखरपुड्यात कुणाला काय म्हणायचं?

मग तिने कोर्स बनवला. 'मुरबाड' नावाचा! नवऱ्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो मागवले, एकेक चेहरा कापून कार्डावर लावला. मागे नाव, नातं आणि खाली बारीक सूचना. 'मोठ्या आत्या, चहा बिनसाखरेचा.' 'धाकटे काका, राजकारणावर बोलू नये.' अभ्यासिकेत भूगोलाच्या नावाखाली हा अभ्यास चालायचा आणि मी कौतुकाने बघायचे, पोरगी किती सिन्सिअर झाली म्हणून!

रोहितने विचारलं, "नवऱ्याचं कार्ड केलंस का?"

"विकीचं कशाला? तो येतो मला."

साखरपुड्याला आम्ही सगळे गेलो होतो. आणि काय सांगू! पोरीने एकेकाला असं ओळखलं की सासू बघतच राहिली. "आत्या, तुमचा चहा वेगळा सांगितलाय हं!" आत्याबाई जागच्या जागी विरघळल्या. सगळीकडे एकच चर्चा, सून किती मायाळू आहे.

शेवटी प्रणाली मंडपाच्या मागे गेली, मिशीवाल्या एका दांडग्या गृहस्थांपुढे वाकली आणि म्हणाली, "मोठे काका, नमस्कार करते."

ते आचारी होते हो! नणंदेच्या लग्नात जेवण त्यांचंच होतं, त्यामुळे अर्ध्या फोटोंत मागे उभे, म्हणून त्यांचंही कार्ड झालेलं. त्यांनी झारा बाजूला ठेवला, डोक्यावर हात ठेवून "सुखी राहा, पोरी" म्हणाले आणि निघताना तिच्या आईच्या हातात जिलेबीचा वेगळा डबा दिला. लग्नाचं जेवणही आता त्यांच्याकडेच आहे. त्यांनी स्वतः सांगितलंय की नवरीला मी मुलगी मानलंय.

*

हा 'मुरबाड' कोर्स बघून मयुरी म्हणाली, "मॅडम, मी आईसाठी करू?"

आणि मग जो तो कामाला लागला. त्या आठवड्यात कुणी भूगोल वाचला असेल तर शपथ! काय काय घ्यायचं, यावर भांडणं झाली. तांब्या, चूल, कोयता, सुपली, घरची गाय तांबू. रोहित फोटो काढायला तिच्या गावी गेला आणि गोठ्यात घसरून पडून आला. प्रत्येक फोटोमागे मयुरीने शब्द लिहिला, स्वतःच्या आवाजात बोलून ठेवला.

पहिले दिवस वाईट गेले. आई फोटो बघायची, ओठ हलवायची, डोळे भरायचे. मयुरी 'नाही आलं' दाबायची आणि इथे येऊन रडायची. मी ओरडायचे, "रडायला नर्सिंगच्या कोर्समध्ये मार्क नाहीत!" आणि तिला चहा द्यायचे. दुसरं काय करणार?

मग एक दिवस जिन्यातून धावत वर आली. चपला न काढताच हॉलमध्ये! "मॅडम, आई बोलली!"

"काय बोलली?"

आता ही लाजली. झालं असं, की कार्डावर शेजारचा कोंबडा आला. हा कोंबडा वाळत घातलेलं भात विस्कटायचा, आईने जन्मभर त्याच्या मागे काठी घेऊन पळापळ केलेली. फोटो बघितल्याबरोबर आईच्या कपाळाला आठी पडली आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात ती म्हणाली, "मेल्या!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पण मयुरीपुढे प्रश्न होता. कार्डामागे तर 'कोंबडा' लिहिलेलं, मग आता 'आलं' दाबायचं की 'नाही आलं'?

रोहित म्हणाला, "ओळखलं तर बरोबर आहे. अर्धे मार्क द्या."

मी निकाल दिला. पूर्ण मार्क.

*

त्यानंतर शब्द येऊ लागले. रोज एखादा, कधी दोन. 'पानी.' 'चा.' 'तांबू.' एके दिवशी 'मयू' आलं, त्या दिवशी मयुरीने काही सांगितलं नाही, नुसती वहीवर डोकं टेकून बसली. मी विचारलंही नाही.

गावात बातमी पसरली. आळीतल्या बायका मयुरीच्या दारात येऊन उभ्या! "माझा पण फोटो टाक गो. बघू दे मला वळखते का." नंबर लागले. कुणी नवीन साडी नेसून आली, कुणी नथ घालून. कोर्समध्ये जागा मिळणं म्हणजे मान झाला. आईने ज्यांना ओळखलं त्या गावभर सांगत सुटल्या आणि जिला ओळखलं नाही ती फुगून बसली, फोटो परत काढ म्हणून.

शेजारच्या हिराबाईशी आईचं कुंपणावरून बोलणं बंद होतं. मयुरीने भीत भीत तिचं कार्ड घातलं. कार्ड पुरतं दिसायच्या आत आई ओरडली, "हिरा! कुंपन!" एकाच वेळी दोन शब्द! हिराबाई दाराआडून ऐकत होती. ती पदराने डोळे पुसत आत आली आणि म्हणाली, "बया, तू बोल गो, कुंपन घे तूच."

सगळ्यांची नावं आली. एक सोडून.

मयुरीचे बाबा, काशिनाथभाऊ. त्यांचं कार्ड आलं की आई फोटोकडे एकदा बघायची आणि मान वळवायची. "आई, हे कोण? नाव सांग." गप्प. कार्ड उलटवायचं, मागे 'काशिनाथ'. 'नाही आलं'. पाच मिनिटांत भाऊ पुन्हा हजर! दिवसातून इतक्या वेळा त्यांचा चेहरा समोर यायचा की आईने शेवटी डोळेच मिटून घेतले.

भाऊ कोपऱ्यात बसून हे सगळं बघायचे. आधी म्हणाले, फोटोत टोपी नाय म्हणून वळखत नसेल. टोपी घालून फोटो काढला. नाही आलं. मग दाढी करून, पांढरा सदरा घालून काढला. नाही आलं. मग लग्नातला फोटो भिंतीवरून उतरवून त्याचा फोटो काढला. आईने तो बघितला, जरा जास्त वेळ बघितला आणि तोंड फिरवलं.

एका संध्याकाळी भाऊ स्वतः अभ्यासिकेत आले. कधी शहापूरला कामाशिवाय न येणारा माणूस. पिशवीत वालाच्या शेंगा. पिशवी टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले.

"बाय, त्या कार्डात माझा काय बिघडलाय का?"

"नाही हो भाऊ, बसा ना."

"तांबूचा नाव आला. हिराचा आला. कोंबड्याला पण शिवी आली." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "माझा नाय आला, बाय. एवढा संसार केला आमी. मीच कसा पुसला गेलो?"

मी पोरांवर दिवसभर खेकसणारी बाई, नुसती त्यांच्यापुढे खुर्ची सरकवत राहिले. भाऊ गेले. त्या शेंगा मी घरी नेल्या, पण सोलताना मन लागेना.

*

पुढचा किस्सा मात्र माझाच आहे. दुसऱ्या दिवशी सगळे मलूल बसले होते, म्हणून मी विषय बदलायला काहीतरी सांगत होते. "काल आमचे हे म्हणाले..."

प्रणाली म्हणाली, "मॅडम, एक विचारू? कधीपासून ऐकतेय, आमचे हे, आमचे हे. तुमच्या ह्यांचं नाव तरी काय?"

"त्यांचं नाव ना," मी म्हटलं, "त्यांचं नाव..."

आणि अडकले! अहो, मी एमएस्सी बीएड. पंचायत समितीच्या सभेत माईक हातात घेऊन बोलते. आणि त्या चार पोरांसमोर नवऱ्याचं नाव जिभेवर येऊन थांबलं ते थांबलंच. कानशिलं गरम झाली. प्रणाली हसायला लागली. "मी तर सरळ विकी म्हणते! अगदी सासूसमोरसुद्धा!"

रोहित म्हणाला, "मॅडम, 'नाही आलं' दाबू का?"

सगळे हसले. मयुरी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "आईच्या तोंडून बाबांचं नाव मी कधी ऐकलेलंच नाही."

जे नाव त्या माउलीने लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, ते आम्ही तिला रोज पोरीसमोर, शेजाऱ्यांसमोर विचारत होतो. तेही दर पाच मिनिटांनी! मला पहिल्यांदा स्वतःचा राग आला आणि मग इतकं हसू आलं की पाणी प्यावं लागलं.

पण खात्री कुणाला होती? लाजते आहे की खरंच विसरली आहे, हे बाहेरून सारखंच दिसतं. मयुरीने तिथूनच बाबांना फोन लावला. भाऊंना काही ते पटलं नाही. "नाय गो," ते म्हणाले, "उगाच माझी समजूत काढताव तुमी."

*

रविवारी आम्ही सगळे किन्हवलीच्या जीपमध्ये बसलो. रोहितने पुढची सीट मला दिली, म्हणजे तोही टेन्शनमध्ये होता.

आई ओसरीवर बसली होती. चेहऱ्यावर तेज आलेलं. मला बघून "मास्तरीन" म्हणाली, प्रणालीच्या बांगड्या हातात घेऊन बघितल्या. भाऊ आम्हाला रामराम करून लगेच मागे गोठ्यात निघून गेले. पुन्हा तेच बघायला त्यांना थांबायचं नव्हतं.

जेवणाची वेळ झाली होती. आत भाकऱ्या झालेल्या. मयुरीने फोन काढला आणि बाबांचं कार्ड आईसमोर धरलं. तोच टोपीवाला फोटो. यावेळी तिने नाव विचारलं नाही.

"आई, ताटं वाढलीत. यांना जेवायला बोलव."

आईने फोटोकडे बघितलं. मग आमच्याकडे, एकेकाकडे. बरा असलेला हात वर नेऊन पदर डोक्यावर नीट केला. फोनवरची नजर काढून मागच्या दाराकडे मान वळवली. ओठ दोनदा हलले. प्रणालीने माझं मनगट धरलं होतं.

"अवो!"

आवाज घरभर गेला.

"अवो, जेवाला येताव ना?"

मागे काहीतरी खाली पडलं. बहुतेक बादली. मग भाऊ दारात आले. दोन्ही हातांना वैरणीची काडं चिकटलेली, सदऱ्याची बाही भिजलेली. दाराच्या चौकटीला धरून ते उभे राहिले. आईने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि काय माणूस आहे, असं नेहमीच्या रागाने बोटाने मोरीकडे दाखवलं, हात धुवा म्हणून.

मयुरीने डोळे पुसले आणि 'आलं' दाबलं. ओसरीवर आम्ही सगळेच एकदम बोलायला लागलो. रोहितने टाळी वाजवली. कुंपणापलीकडून हिराबाईने ओरडून विचारलं, काय झाला गो?

भाऊ हात धुऊन आले, आईशेजारी टेकले. फोनमध्ये वाकून बघितलं, पण तिथे आता सुपलीचा फोटो आलेला होता.

"माझा फोटो परत कधी येल?" त्यांनी विचारलं.

"आता आलं ना बाबा," मयुरी म्हणाली, "आता एकदम पुढच्या आठवड्यात येईल."

आई ताटातली भाकरी मोडत होती, तिकडे भाऊंनी एकदा बघितलं. मग मयुरीच्या जवळ सरकले आणि आईला ऐकू जाणार नाही असं हळूच म्हणाले,

"मंग 'नाय आलं' दाब ना गो."